सतरा नंबरची जागा

"काका, हे वारलेत," खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या.

सतराने मागे वळून पाहिलं. रांगेत सात-आठ माणसं होती, सगळी धडधाकट उभी.

"कोण वारलंय?"

"हेच, सतरा नंबरचे. काच कारखाना, भट्टी विभाग. तुम्ही यांचे कोण?"

"कोण म्हणजे? मीच तो."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, त्याच्याकडे पाहिलं, चष्मा खाली घेतला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यांना पडद्यावर जास्त भरवसा होता.

"साडेनऊ वर्षांपूर्वी कामावर असताना मृत्यू. फंडाची रक्कम तेव्हाच दिलेली आहे. पत्नीला दरमहा पेन्शन चालू आहे, मागच्या महिन्याचीही गेली."

"माझ्या बायकोला?"

"यांच्या पत्नीला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरचं नाव वाचून दाखवलं. मधलं नाव सतराचं होतं, आडनाव सतराचं होतं. पहिलं नाव भलत्याच बाईचं होतं. बाईंनी आवाज खाली आणला. "काका, राग मानू नका, विचारावं लागतं. दुसरं घर होतं का?"

मागचा माणूस खोकला. सतराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बत्तीस वर्षं भट्टीसमोर उभं राहूनही त्या इतक्या तापल्या नव्हत्या.

सतरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीशेजारी एक फळी होती, फळीला खिळे आणि खिळ्यांना पितळी बिल्ले. आलं की बिल्ला गळ्यात, निघालं की परत खिळ्यावर. सकाळच्या पाळीत भट्टीच्या तोंडाशी उजव्या हाताला जो उभा राही तो सतरा. काचेची भट्टी विझवता येत नाही. विझली तर आतली काच गोठते आणि मग भट्टीच फोडून काढावी लागते. त्यामुळे तोंडासमोरची जागा घटकाभरही रिकामी ठेवायची नाही, हा तिथला पहिला नियम. माणूस आजारी पडो, लग्नाला जावो, जागा भरलेली पाहिजे. बिल्ला जागेचा असतो, त्यात कोणाची मान आहे ते महत्त्वाचं नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. ऑफिसातल्या वहीत प्रत्येक नंबरापुढे एक नाव लिहिलेलं असतं, ही गोष्ट भट्टीवरच्यांना फक्त पगाराच्या दिवशी आठवे.

तो चोविसाव्या वर्षी लागला. काम म्हटलं तर एकच. वाळू, सोडा, चुना आणि फुटकी काच यांचं मिश्रण फावड्याने भट्टीत टाकायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय. मनगटाने फावडं मारणारा महिन्याभरात हात धरून बसतो. ते कमरेतून जावं लागतं. काठावर सांडलं तर माल वाया, आत एकाच ठिकाणी ढीग पडला तर काच गाठाळ येते. फावडं आत शिरताना शेवटच्या क्षणी मूठ फिरवायची, म्हणजे माल पसरत पडतो. सतराला ही मूठ साधायला तीन वर्षं लागली, आणि त्याची पाळी असली की पुढच्या साच्यावरचे लोक न पाहता सांगत, आज काच चांगली आहे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी सोड्याच्या पोत्यांची थप्पी त्याच्या पायावर कोसळली. नडगी दोन ठिकाणी मोडली. मुकादम घरी आला, प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाला, "सात महिने? जागा सात तास रिकामी राहत नाही. तुझा माणूस आण, म्हणजे जागा तुझी राहील. मी माझा आणला तर मग बस बोंबलत."

याला बदली म्हणत. बदलीने मूळ माणसाचा बिल्ला गळ्यात घालायचा, पगार दोघांनी अर्धा-अर्धा घ्यायचा आणि ऑफिसात कोणी काही विचारायचं नाही, कोणी काही सांगायचं नाही.

सतराने लंबूला आणलं. लंबू त्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. गोदामातला हमाल. गोदाम बंद पडल्यापासून रिकामा. इतका उंच की भट्टीच्या तोंडात माल टाकायला त्याला कमरेत मोडावं लागे. सतराने अंगणात राखेचा ढीग करवला, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला आणि दोन दिवस लंबूकडून घाम काढला. "मनगट सोड. मनगट सोड, म्हटलं ना! बायकोला वारा घालतोयस का?" तिसऱ्या दिवशी लंबू कामावर गेला. पाचव्या महिन्यात भर पाळीत, हातात फावडं असताना, छातीवर हात दाबून खाली बसला आणि उठलाच नाही.

सतरा कुबड्यांवर त्याच्या घरी गेला होता. दोन महिन्यांनी कामावर परतला तेव्हा मुकादमाने हातात नवा बिल्ला ठेवला. "सतरा बंद. आता तू अठ्ठ्याऐंशी. या कागदांवर सह्या कर आणि फार चौकशा करू नकोस." सतराने केल्या नाहीत. ज्या बिल्ल्यावर माणूस गेला तो पुन्हा कोणाच्या गळ्यात घालत नसतील, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि त्याला ते योग्यही वाटलं. लोक मात्र त्याला सतराच म्हणत राहिले. पुढे नऊ वर्षं एक महिना त्याने काम केलं आणि मग मालकांनी भट्टी कायमची विझवली. त्याच्या हिशेबी तेवीस आणि नऊ मिळून बत्तीस वर्षं भरली होती, पेन्शनला काही अडचण नव्हती. त्याने अर्जावर दोन्ही नंबर नीट अक्षरात लिहिले होते.

बाईंनी दुसरा नंबर टाकून पाहिला. "हे अठ्ठ्याऐंशी तुम्हीच ना? हे जिवंत आहेत. पण नऊ वर्षं एक महिना. दरमहा पेन्शनला दहा वर्षं लागतात. अकरा महिने कमी पडतात, काका."

"आणि सतराची तेवीस?"

"ती मृत खात्यात आहेत. तुम्ही जिवंत आहात असा अर्ज करा. चौकशी होईल, खातं सुरू होईल. मग त्या बाईंची पेन्शन थांबेल आणि आतापर्यंत दिलेलं सगळं त्यांच्याकडून वसूल होईल." त्यांनी एक कोरा अर्ज खिडकीतून सरकवला. "पुढे कोण आहे?"

घरी त्याने बायकोला सगळं एका दमात सांगितलं. ती परातीत तांदूळ निवडत होती. ती हसली.

"अहो, मेलात तर मग मी इतकी वर्षं डबा कुणाचा भरतेय?"

"हसू नकोस. तिथे एका बाईचं नाव आहे. पत्नी म्हणून."

तिची बोटं तांदळात थांबली. "कोणतं नाव?"

त्याने सांगितलं. आपला नवरा कुठे कुठे जाऊन येतो ते तिला चांगलं ठाऊक होतं, तरी क्षणभर तिचा चेहरा फटफटीत पडला. मग तिने कपाळावर हात मारला.

"अहो, लंबूची बायको ती!"

सतराला हे सुचलं नव्हतं. लंबूची बायको त्याच्यासाठी कायम वहिनी. तिला स्वतःचं नाव असेल आणि ते कुठे लिहिलेलं असेल, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

तो तसाच उठून मुकादमाकडे गेला. मुकादम आता ऐंशीच्या घरात होता, लेकीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. ऐकू कमी येई, त्यामुळे सतराला आपण मेल्याची गोष्ट ओरडून सांगावी लागली. खालच्या मजल्यावरच्या दोन बायका खिडकीत आल्या.

"मग?" मुकादम म्हणाला. "कागदावर सतरा नंबर भट्टीवर उभा होता. सतरा नंबर पडला. लंबू म्हणून कारखान्यात कोणी नव्हताच, तर मी मेला कोण म्हणून लिहायचं? साहेब म्हणाले, नोंदणी नसलेला माणूस भट्टीवर मेला हे बाहेर गेलं तर टाळं लागेल. तिचं घर चालायला हवं होतं. तुझी जागा राहायला हवी होती. दोन्ही केलं."

"मला मारून?"

"तुला नवा नंबर दिला की! उपाशी ठेवलं का?"

"माझी तेवीस वर्षं गेली, मुकादम!"

"काय गेली?"

"तेवीस वर्षं!"

मुकादमाने हाताचा पंजा कानाशी धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग सावकाश खाली घेतला. या वेळी त्याला ऐकू आलं होतं. 

सतरा कामाचा हिशेब ठेवणारा माणूस होता. पगाराचा हिशेब बायको ठेवी, कामाचा तो. एका पाळीत किती फावडी, किती वेळा पाणी प्यायलं, कोणाची किती उसनी पाळी भरली, हे त्याला वर्षानुवर्षांचं तोंडपाठ. परतताना त्याच्या मनात तेवढंच घुमत होतं. तेवीस वर्षं मूठ फिरवली ती आपण. लंबूने पाच महिने, तीही अर्धी मनगटाने. घरी येताच त्याने कोरा अर्ज काढला आणि आपण जिवंत असल्याचं भरून टाकलं. सही करताना पेन कागदातून आरपार गेलं.

"उद्या सकाळी देतो," तो म्हणाला.

"त्याआधी मला तिच्याकडे जायचंय," बायको म्हणाली. "साडेनऊ वर्षं दुसरीच्या नवऱ्याची विधवा म्हणून बसते, एका शब्दाने बोलत नाही! आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर मी कोणाची विधवा, ते तरी विचारते तिला. तुम्ही एकदा मेलेले आहात. दुसऱ्यांदा कोणी पेन्शन देणार आहे का मला?"

सतरा काही म्हणायच्या आत तिने चपला घातल्या. ती एकदा तरातरा निघाली की मागे जाण्याशिवाय इलाज नसे.

लंबूचं घर म्हणजे एक खोली आणि खोलीत अर्धी जागा शिलाई मशीनची. वहिनी कापडी पिशव्यांना बंद शिवून द्यायची. शिवलेल्यांचा एक ढीग, न शिवलेल्यांचा एक, मधून चालायला वीतभर वाट. गेली नऊ वर्षं ती रस्त्यात दिसली की मान खाली घालून निघून जायची. सतराला कारण ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. आपण लंबूला भट्टीवर पाठवला, म्हणून ती तोंड पाहत नाही. तोही मग रस्ता बदलायचा.

"या ना, भाऊ. ताई, बसा," वहिनी म्हणाली आणि ढीग उचलून तिने पलंगावर जागा केली. सतराने दारातच विचारलं.

"वहिनी, तुमची पेन्शन कोणाच्या नावाची आहे?"

तिच्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या. "तुमच्याच की, भाऊ."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दर महिन्याला बँकेत तुमच्या नावानिशी हाक मारतात मला. ठाऊक कसं नसणार? पहिल्या वर्षी तर मला उठताच यायचं नाही. शिपाई दोनदा, तीनदा ओरडायचा, लोक बघायचे."

"मग बोलला का नाहीत?" बायको उसळली.

वहिनी गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागली. "काय बोलायचं, ताई? मुकादम म्हणाले, सतराने आपलं नाव दिलंय तुला, त्याचे उपकार समज, आणि त्याच्यासमोर विषय काढू नकोस, त्याला अवघड वाटेल. मी म्हटलं, केवढा मोठा माणूस. आपली सगळी नोकरी दिली उचलून. तुम्ही समोर आलात की मान वर करायची लाज वाटायची मला, भाऊ."

सतरा चौकटीला धरून उभा राहिला. पोत्यांची थप्पी अंगावर आली तेव्हाही आधी आवाज झाला होता. इथे कसलाच आवाज झाला नाही. इतकी वर्षं ही बाई आपल्याला मनातल्या मनात धन्यवाद देत होती, आणि आपण तिला चुकवून पलीकडच्या गल्लीने जात होतो.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "मी नाही दिलं. मला आज सकाळपर्यंत माहीतच नव्हतं."

ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. मग उठून तिने गादीखालून पासबुक काढलं, त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवी काढली.

"मग हे माझं नाही. उद्या जाते आणि सांगते, माणूस जिवंत आहे."

"वसुली लावतील," बायको म्हणाली. भांडायला आलेली ती आता पलंगाच्या कडेवर अंग चोरून बसली होती. "साडेनऊ वर्षांची."

"काय नेतील, ताई? मशीन नेतील."

दोघं परत निघाली. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "अर्ज देणारच आहात का?"

"तेवीस वर्षं आहेत माझी."

"मी नाही म्हटलं का?" ती म्हणाली, आणि चहा न विचारता आत गेली.

सकाळी कार्यालयाचं दार उघडायच्या आधी सतरा तिथे पोचला. खिशात अर्ज होता. वहिनी त्याच्याही आधी आलेली. रांगेत तिसरी, पासबुक छातीशी धरून. पुढचे दोघे लवकर आटपले. सतरा मागून पुढे सरकला तशी रांगेतली माणसं ओरडली.

"ओ, आम्ही काय इथे गंमत बघायला उभे आहोत?"

"बरोबर आहे मी यांच्या," तो म्हणाला.

"बोला बाई," खिडकीतून आवाज आला.

"मॅडम, हे पासबुक," वहिनीने हात आत घातला. "माझा नवरा लंबू. म्हणजे यात जे नाव आहे ना, तो माणूस..."

सतराला तो हात दिसला आणि त्याच क्षणी लंबू दिसला, कमरेत मोडलेला, डोळ्यांत घाम, काठावर माल सांडू नये म्हणून धडपडणारा. त्याला जागा भरायला सांगितलं होतं. त्याने भरली होती. त्या दिवशी त्या जागेवर सतरा उभा असता तर तो वाचला असता किंवा नसता, ते कोणी सांगू शकत नव्हतं. पण उभा होता लंबू.

"तो माणूस वारला," सतरा म्हणाला.

वहिनी गर्रकन वळली. "भाऊ!"

"वारला, मॅडम. कामावर असताना. यांना काही विचारायचं नाही. पासबुक बरोबर आहे का एवढंच दाखवायला आल्या होत्या."

बाईंनी चष्मा वर केला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कालचा माणूस त्यांनी ओळखला होता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. "काका, तुमचा अर्ज आणलाय?"

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "नाही."

"नक्की? नंतर रडत येऊ नका. काल तुम्ही जे तोंडी बोललात ते मी कुठे लिहिलेलं नाही. अर्ज आला तर मला तो घ्यावा लागेल. नाही आला तर माझ्यासमोर काही नाही."

"नाही आला. मला वेगळं विचारायचंय. अठ्ठ्याऐंशीला अकरा महिने कमी आहेत ना? दुसरीकडे काम करून भरले तर चालतील का?"

"छप्पन्न पूर्ण झालीत तुमची. अजून दोन वर्षं भरता येतील. पण काका, दहा वर्षांची पेन्शन आणि बत्तीसची, फरक माहीत आहे ना? तिसरा हिस्साही नाही येणार."

"बायकोला मिळेल ना माझ्या मागे?"

"तिच्या खऱ्या नावाने मिळेल," बाई म्हणाल्या आणि पासबुक वहिनीच्या हातात परत सरकवलं. "पुढे कोण आहे?"

बाहेर पायऱ्यांवर वहिनीला रडू फुटलं. सतराला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळत नसे. "चला, पिशव्या राहिल्यात तुमच्या," तो म्हणाला.

घरी सांगितल्यावर बायकोने दोन दिवस अबोला धरला. तिसरा हिस्साही नाही हा आकडा तिच्या घशाखाली उतरत नव्हता, आणि ती तसं भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणायची. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच एक बातमी घेऊन आली. पुलापलीकडे बाटल्या धुवायचा कारखाना आहे, तिथे क्रेट रचायला माणूस हवा आहे.

मालकाने सतराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पगार फार नाही हं, बाबा. आणि वजन आहे."

"पगार असू दे. फंड कापायचा. पहिल्या दिवसापासून."

मालक चकितच झाला. "अहो, इथे लोक फंड कापू नका म्हणून पाया पडतात!"

"मी कापा म्हणून पडतो."

रुजू व्हायच्या दिवशी बायकोही बरोबर आली. अर्जावर वारस म्हणून तिचं नाव लिहायचं होतं आणि या बाबतीत तिचा आता कोणावर विश्वास उरला नव्हता, नवऱ्यावर तर मुळीच नाही. कारकून लिहीत होता आणि ती त्याच्या खांद्यावरून अक्षर न् अक्षर बघत होती. लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचायला लावलं, मग पुन्हा एकदा.

"बाई, झालं का समाधान?" कारकून वैतागला.

"तारीख टाका," ती म्हणाली.

धुलाईच्या हौदामागे ओले क्रेट उंच रचून ठेवले होते, एकेकात चोवीस बाटल्या. सतराने पहिला उचलला तो हातांनी, घाईत, आणि मोडलेल्या पायात जुनी कळ आली. त्याने क्रेट खाली ठेवला. पाय थोडे फाकवले, गुडघे वाकवले, कमरेतून पुन्हा उचलला. मग दुसरा. बायको फाटकाशी थांबून तेवढं पाहत होती. पाचवा क्रेट रचून झाल्यावर तिने पदर सारखा केला आणि घराकडे वळली.